उजवा हात, डावा हात

दोन वर्षांचं बी.एड. मी तीन वर्षांत केलं. मध्ये टायफॉइड झालेला, असं मी सगळ्यांना सांगते. कसला टायफॉइड आणि कसलं काय! सातवीतल्या एका पोरीला मी इतकं मारलेलं की तिच्या कानाचा पडदा फाटला. माझं वर्ष तिथे गेलं. आता मी एका शाळेत शिकवते, रोज पन्नास पोरं समोर असतात, म्हणून एकदाचं सरळ लिहून टाकते.

आधी माझ्या हाताबद्दल सांगायला हवं. आमचं घर मूळचं ठाण्यातल्या बाळकुमचं. आजोबांपर्यंत सगळे मिठागरावर आणि शेतात राबलेले, मग शेतांवर टॉवर उभे राहिले आणि आम्ही जागामालक झालो. पैसा आला, हात तेच राहिले. आमच्याकडे भांडण तोंडाने सुरू होतं आणि हाताने संपतं. हद्दीच्या वादात वडिलांनी चुलतभावाचे दोन दात पाडलेले, आणि पुढे दर दिवाळीला दोघं त्या दातांवरून हसत हसत फराळ करायचे. आई लाटण्याने मारायची. शाळेत बाई डस्टरच्या कडेने बोटांच्या पेरांवर मारायच्या. मारल्याशिवाय पोर सुधारत नाही हे मला कुणी शिकवलं नाही, ते घरात मीठ असतं तसं होतंच. बी.एड.च्या पहिल्या वर्षी दुर्गाडीच्या पुलावर एक रिक्षावाला माझ्या स्कूटीला घासून गेला आणि वर मलाच शिवी दिली, तर मी हेल्मेटने त्याचा आरसा फोडला. काचा त्याच्या मांडीवर पडल्या. मग कल्याणला कॉलेजात उशिरा पोचले, आणि पहिला तास होता बालमानसशास्त्राचा.

कॉलेज विद्यापीठाचं, शिक्षक घडवणारं. तिथे उपक्रमांना तोटा नव्हता. वृक्षारोपण, रांगोळी, वाचन प्रेरणा, रक्तदान. झाड एक आणि त्याच्याभोवती फोटोला बावीस जणी. दुसऱ्या वर्षी तर कहरच, कारण तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. फाइली, तारखेचे फोटो, जिन्यात नवा रंग. आणि प्रवेशद्वाराशी मोठा फ्लेक्स, ‘आमची यशोगाथा’. त्याच्या अगदी मधोमध माझा फोटो, हात हवेत उगारलेला.

तो आमच्या पथनाट्याचा फोटो. विषय होता छडीमुक्त शाळा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमचा पहिला नंबर आलेला. मारकुट्या बाईचं काम माझ्याकडे, आणि मार खाणाऱ्या विद्यार्थ्याचं डोंबिवलीच्या एका मैत्रिणीकडे. ती बँकेतल्या आईबाबांची एकुलती एक, तिला घरात कुणी ‘ए’ म्हणूनसुद्धा हाक मारली नसेल. तालमीत मी तिच्या गालाजवळून हात न्यायचे आणि मागून कुणीतरी टाळी वाजवायचं. स्पर्धेच्या दिवशी तेवढ्याने माझं भागेना. समोर गर्दी, ढोलकी तापलेली, आणि माझा हात खरंच बसला. तिचा ओठ फुटला, पांढऱ्या ओढणीवर रक्त ठिबकलं. परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. नाटक संपल्यावर ती रडत म्हणाली, “अगं, खरंच मारलंस तू!” मी म्हटलं, “मग? ढाल मिळाली ना?” प्राचार्या मॅडमनी माझी पाठ थोपटली. कुणीच मला काही बोललं नाही, उलट कॅन्टीनवाला चहाचे पैसे घेईना. समितीपुढे तेच नाटक पुन्हा करायचं ठरलं.

पण माझा जीव अडकलेला फायनल लेसनमध्ये. बी.एड.ला शेवटी एका खऱ्या वर्गावर पाठ घ्यावा लागतो, बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर बसून गुण देतात. तो पडला की सगळं वर्ष पडलं. आमच्याच बाळकुमच्या एका शाळेने मला जूनपासून घ्यायचं कबूल केलेलं, पास झाले तर. आणि वडील स्पष्ट बोललेले, “दोन वरसां मंजे दोन वरसां. तिसरा नाय.” तिसऱ्या वर्षी काय होणार ते त्यांनी सांगायची गरज नव्हती, मुलाकडचे दोनदा येऊन चहा पिऊन गेलेले.

माझा लेसन मानपाड्याजवळच्या एका मराठी शाळेत लागला. सातवी, भूगोल, भरती-ओहोटी. म्हटलं, बघा आता. खाडीकाठची पोर मी, भरतीची वेळ आमच्याकडे घड्याळ बघून सांगत नाहीत. पण विषय येणं वेगळं आणि लेसन चांगला होणं वेगळं. परीक्षकाला काय हवं असतं? वर्गाचा प्रतिसाद. प्रश्न विचारला की हात वर. त्यासाठी आमच्या कॉलेजात एक युक्ती चालत आलेली. जुन्या पाठ-वह्यांबरोबर सीनियर ती ज्युनियरला देऊन जायच्या. आदल्या दिवशी पोरांना सांगायचं: प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. आपण फक्त उजव्यांना उठवायचं. मागे बसलेल्याला काय, नुसतं हातांचं रान दिसतं. आमच्या मेथडच्या मॅडमना, म्हणजे आमचे लेसन बघणाऱ्या प्राध्यापिकेला, हे ठाऊक होतं. त्याही तशाच पास झालेल्या.

मी तीन दिवस वर्गाची तालीम घेतली. पोरं खूश, त्यांना तो खेळच. एकाने चुकून डाव्याऐवजी उजवा वर केला तर मी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की सगळ्या वर्गाला कायमचं लक्षात राहिलं. चौथ्या दिवशी लेसन.

त्या सकाळी तिसऱ्या बाकावर एक नवाच चेहरा. दोन वेण्या, गळ्याशी पिन लावलेला गणवेश. तालमीचे तिन्ही दिवस गैरहजर होती. आई एमआयडीसीत पॅकिंगला जाते, धाकटा भाऊ तापाने पडलेला, म्हणून घरी थांबलेली. मी तिला पाहिलं. अगदी नीट पाहिलं. मनात म्हटलं, बरं झालं, एक रिकामी जागा भरली. तिला हाताचं सांगायचं राहिलं, आणि तेवढ्यात परीक्षक आत आले.

लेसन आईशप्पथ झकास चाललेला! फळ्यावर चंद्र, सूर्य, पृथ्वी. प्रश्न विचारला की चाळीस हात वर. उजवा शोधायचा, उठवायचं, उत्तर घ्यायचं, ‘शाब्बास’ म्हणायचं. परीक्षकांचं पेन खाली मान घालून धावत होतं. शेवटी मी ठेवणीतला प्रश्न काढला: एका भरतीनंतर दुसरी भरती बरोबर बारा तासांनी का येत नाही, थोडी उशिरा का येते? हात वर. बरेच डावे. उजवे दोनतीनच, त्यात तिचा एक, ताठ, कोपरातून सरळ. मी तिला उठवलं.

ती उठली आणि म्हणाली, “येत नाही, बाई.”

इथे कुठलीही शहाणी बाई ‘बस’ म्हणाली असती. माझ्या तोंडून गेलं, “मग हात कशाला वर केलास?”

“सगळ्यांनी केला म्हणून.”

वर्ग हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परीक्षकांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काहीतरी लिहिलं. बाकीची आठ मिनिटं मी कशी काढली मला आठवत नाही. डोळ्यांपुढे वडील, मुलाकडचे, ते चहाचे कप. गेलं, सगळं गेलं, या कार्टीने घालवलं.

घंटा झाली. परीक्षक चहाला स्टाफरूममध्ये गेले. मी तिला वेणीला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं. पहिली थप्पड बसली तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली, कशासाठी ते तिला कळेना. ते बघणं माझ्या डोक्यात गेलं. दुसरी मारली, तिसरी मारली. “सगळ्यांनी केला म्हणून? सगळ्यांनी केला म्हणून?” म्हणत मी मारत होते, माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता. चौथी कानावर बसली. ती नळावर आपटली आणि खाली बसली, दोन्ही हातांनी डावा कान धरून. खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी बरं वाटलं. उकाड्यात पंखा लागावा तसं.

तोंड धुऊन मी स्टाफरूममध्ये गेले. परीक्षक बिस्किट चहात बुडवत होते. म्हणाले, “या, बसा. फार छान पाठ झाला. वर्गात एकही मूल हात खाली ठेवून बसलं नव्हतं. आणि ती वेणीवाली मुलगी! येत नाही तर येत नाही म्हणाली, किती प्रांजळपणे. बाईंची भीती नसेल तरच मूल असं बोलतं. त्याचे वेगळे गुण दिलेत मी.”

माझा तळहात अजून चुरचुरत होता. मी ‘थँक यू सर’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मला शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर आमच्या मेथडच्या मॅडम आधीच उभ्या. दंडाला धरून मला बाजूला घेतलं. “त्या मुलीच्या कानाचा पडदा फाटलाय. भरून येईल म्हणाले डॉक्टर, वेळ लागेल. आई आलीय. हे बघ, मुलगी वात्रटपणा करत होती, तुझा हात लागला, एवढंच. उजव्या-डाव्याचं तोंडातून काढायचं नाही. ते निघालं तर तुझा लेसन रद्द, वर्ष गेलं. इतरांचेही लेसन गोत्यात येतील. पुढच्या आठवड्यात समिती आहे, कळतंय ना?”

कळत होतं. मी मान डोलावली आणि आम्ही दोघी आत गेलो.

आत मुख्याध्यापिका, समोर ती मुलगी, कानात कापसाचा बोळा, आणि तिच्या शेजारी तिची आई. कंपनीच्या निळ्या कोटावरच आलेली, अर्धा दिवस भरून. मी घरून तयारी करून गेलेले. ती अंगावर येईल, शिव्या देईल, मग मीही काय कमी नाही. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, पण मी दोन्ही धरलं असतं. भांडण मला येतं.

ती उभी राहिली आणि मला हात जोडले.

“बाई, चुकलं आमच्या लेकराचं. तुमची परीक्षा होती आणि हिने घाण केली. मला या कॉलेजच्या मॅडमनी सगळं सांगितलं.”

मुख्याध्यापिका टेबलावरच्या काचेकडे बघत होत्या. मुलगी हळूच म्हणाली, “आई, मी काही नाही केलं गं. मी फक्त हात…”

“वर तोंड करून बोलतेस?” आईचा हात उठला आणि खाडकन तिच्या गालावर आला. तोच गाल. कापसाचा बोळा उडून फरशीवर पडला, एका बाजूला तांबूस झालेला. “मी तिकडे खोकी भरून मरते कुणासाठी? बाईंचं वर्ष बुडवत होतीस!” दुसरी बसली. मुलगी वाकली, कान धरला, आणि कालच्यासारखीच आवाज न करता बघायला लागली. आईकडे नाही, माझ्याकडे. खरं सांगू शकेल अशी तिथे मी एकटीच होते, हे तिला कळलेलं.

आईने माझ्याकडे वळून बघितलं. पुरे झालं का, असं. मी खूश झाले का ते बघत होती ती! माझ्यासाठी मारत होती. मी काही बोलले नाही म्हणून तिने पुन्हा हात उचलला.

मी तो हात वरच्या वर धरला. मनगट काटकुळं होतं.

“तिने काही केलेलं नाही,” मी म्हटलं. मेथडच्या मॅडम माझं नाव घेऊन ओरडल्या. मी थांबले नाही. एकदा तोंड उघडलं की आमच्याकडे कुणाला थांबता येत नाही. उजवा हात कशासाठी, डावा कशासाठी, तीन दिवसांची तालीम, तिला सांगायचं मी विसरले ते, टाकीमागे चार वेळा मारलं ते, आणि परीक्षकांनी तिच्याच उत्तराचे मला जादा गुण दिले ते. सगळं. “तिला येत नव्हतं, ती येत नाही म्हणाली. एवढंच केलं तिने. खोटं आम्ही करत होतो.”

आई ऐकत होती. तिला ते पटकन समजत नव्हतं, हातांचं तर दोनदा सांगावं लागलं. मग समजलं. तिने माझ्या पकडीतून मनगट सोडवून घेतलं. मला वाटलं आता ती मला मारणार, आणि खरं सांगते, मारलं असतं तर फार बरं झालं असतं. मी गाल तयार ठेवलेला. पण तिने तो हात खाली आणला आणि उलटासुलटा करून बघितला. मग पोरीकडे बघितलं, फरशीवरच्या कापसाकडे बघितलं.

“हे तुम्हाला मघाशी माहीत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही आत आलात तेव्हाच. मग मी हिला कशाला मारलं, बाई?”