अपेक्षित प्रतिसाद

शिक्षणाच्या केंद्रस्थानी मूल असतं. हे वाक्य उच्चारताना आमचे प्राचार्य दोन्ही हातांनी हवेत एक मोठं वर्तुळ काढत आणि थोडं थांबत, श्रोत्यांना त्याच्या मध्यभागी पाहायला वेळ मिळावा म्हणून. मध्यभागी त्यांचं पोट असे.

वर्धा-देवळी रस्त्यावरच्या अध्यापक विद्यालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत डी.एड. कॉलेजात, मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं मराठी शिकवलं. बारावी झालेल्यांना दोन वर्षांत प्राथमिक शिक्षक करून सोडणं, हे आमचं काम. या अकरा वर्षांत प्राचार्यांना लहान मुलाशी बोलताना मी एकदाच पाहिलं. शेजारच्या सराव शाळेतलं एक पोरगं व्हरांड्यात त्यांच्या वाटेत आलं होतं. "बाजूला हो," ते म्हणाले. बालमानसशास्त्र हा त्यांचा विषय.

रंगीत मणी, लाकडी ठोकळे, मणीपाट्या हे सगळं काचेच्या कपाटात कुलूपबंद असे. एकदा मी ठोकळे मागितले.

"साहित्य दाखवण्यासाठी असतं, सर. हाताळलं की खराब होतं."

तपासणी समिती येणार असली की काचा पुसल्या जात. समितीही कशाला हात लावत नसे. तीही याच परंपरेतली माणसं.

पण त्यांचं खरं प्रेम होतं पाठाच्या टाचणावर. टाचण म्हणजे शिकवण्याआधी लिहायचा आराखडा. डाव्या रकान्यात शिक्षकाचा प्रश्न, उजव्या रकान्यात मुलांचा अपेक्षित प्रतिसाद. आता तिसरीतलं मूल उद्या अकरा वाजता काय बोलेल, हे आज कोणी सांगावं? प्राचार्य सांगत. त्यासाठी त्यांनी एक साधी पद्धत बसवली होती. आदल्या दिवशी वर्गातली चौदा मुलं निवडायची, त्यांच्याकडून उजवा रकाना पाठ करून घ्यायचा आणि पाठाच्या वेळी उरलेल्यांना मैदानावर खेळायला सोडायचं. याला ते "वर्गाची पूर्वतयारी" म्हणत. तुम्हीही कधी एखादा आदर्श पाठ पाहिला असेल आणि मुलं किती हुशार म्हणून कौतुक केलं असेल. मैदानाकडे बघायचं राहून गेलं असणार.

देवळीजवळच्या एका खेड्यातून रोज बसनं येणारी एक सून आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला होती. घरी कपाशी, सोयाबीन आणि शब्दाचे पक्के सासरे. त्यांनी दोन वर्षांची परवानगी दिली होती. "तिसऱ्या सालाले पाठवणार नाई म्हणते," ती मला सांगायची. "मले यंदाच पास व्हाच लागते, सर."

वार्षिक परीक्षेच्या आधी प्राचार्यांसमोर एक पाठ द्यावा लागे. तो झाला तरच बाहेरच्या परीक्षकांपुढे उभं राहता येई. तिच्या वाट्याला तिसरीची वजाबाकी आली. बावन्न वजा सदतीस. मागच्या बाकावर प्राचार्य, शेजारी मी. तिनं पूर्वतयारी केली नव्हती, अख्खा वर्ग तसाच बसवला होता.

दुसऱ्याच प्रश्नाला एक पोरगी उठली. "मॅडम, मले नाई समजलं. दोनातून सात कसे जातीन?"

उजव्या रकान्यात असं काही नव्हतं. प्राचार्यांनी खोकून तसं कळवलं. बाईनं टाचण टेबलावर पालथं घातलं आणि पिशवीतून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, काड्या काढल्या. दहा-दहाच्या दोऱ्यानं बांधलेल्या पाच जुड्या, दोन काड्या सुट्या.

"सुट्या पुरत नाई ना? मंग का करशीन?"

"जुडी सोडतो," पोरगी म्हणाली आणि तिनं सोडली. सात काड्या बाजूला ठेवल्या, तीन जुड्या बाजूला ठेवल्या, उरलेल्या मोजल्या. "पंधरा!" मग तिघं-चौघं पुढं आली. "मॅडम, आता माहा नंबर!" घंटा झाली तरी कोणी उठेना.

मी अकरा वर्षांत पाहिलेला हा पहिला पाठ, ज्यात कोणी काही शिकलं.

"टाचणातलं संकलन राहिलं. उपयोजन राहिलं. स्वाध्याय राहिला," प्राचार्य म्हणाले. "वर्गात काड्या झाल्या. पाठ रद्द."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून ते जरा विरघळले. दुष्ट नव्हते ते. गुरुवारी परीक्षक येणार होते, त्यांच्यासमोर तिला एक संधी द्यायचं त्यांनी ठरवलं आणि टाचण स्वतः लिहून दिलं. अक्षर मोत्यासारखं, लाल शाईत अधोरेखित मथळे, खाली शिक्का. चौदा मुलांची तालीमही स्वतः घेतली.

गुरुवारी सकाळी ती माझ्याकडं आली. "सर, हे पंचवीस कसं आलं जी? तुमी सांगा ना त्याइले."

मी पाहिलं. अपेक्षित प्रतिसाद : पंचवीस. एककात दहा उसने आणले होते, दशकातून एक कमी करायचा राहिला होता. हीच चूक मुलांनी करू नये, म्हणून हा पाठ असतो.

मी प्राचार्यांकडं गेलो.

"टाचण मंजूर झालं आहे," ते म्हणाले. "मुलांची तयारी झाली आहे. आता ऐनवेळी उत्तर बदललं तर त्यांचा गोंधळ होईल. मुलांचा विचार करायला शिका, सर."

बाहेर येऊन मी नकारार्थी मान हलवली. बाई पदर खोचून वर्गात गेली.

"बावन्नातून सदतीस गेले, किती राहिले?"

चौदा तोंडांतून एकच उत्तर आलं, "पंचवीस!"

तिनं ते फळ्यावर लिहिलं. खडू दोनदा तुटला. परीक्षक दुसऱ्या एका अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य होते. ते टाचणातलं अक्षर न्याहाळत होते. आमचे प्राचार्य म्हणाले, "वाऽ!" गुणपत्रिकेवर तीन सह्या झाल्या. तिसरी माझी.

चहा-पोहे झाले, पाहुणे गेले. बस निघून गेली तरी बाई आवारातच दिसत होती. मी सराव शाळेत डोकावलो. तिसरीचा अख्खा वर्ग जमिनीवर, मध्ये काड्या.

"काऊन मॅडम, आत्ता तं पंचवीस होतं?" चौदांपैकी एक जण भांडत होता.

"ते माह्या परीक्षेचं उत्तर होतं, बाबू," ती म्हणाली. "हे तुह्यं हाय. सोड जुडी."

ती पास झाली. प्राचार्य पुढं निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी काचेच्या कपाटाची किल्ली त्यांनी रुमालानं पुसून माझ्या हातात दिली आणि मला, खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. मी कपाट उघडलं. मण्यांचे दोरे कुजले होते.

यंदा पहिल्या वर्षाला कोणी प्रवेश घेतलेला नाही. व्हरांड्यात शिपाई दुपारचा झोपतो. त्याच्या डोक्यावर भिंतीला प्राचार्यांनी जाताना लावून घेतलेली एक तसबीर आहे. तिच्यात त्या गुरुवारचं टाचण आहे, वर "आदर्श पाठ" असं लिहिलेलं. कोपऱ्यात गुण आहेत, पन्नासपैकी सत्तेचाळीस. गणिताच्या पाठाला आमच्याकडं आजवर मिळालेले हे सर्वाधिक गुण.