रेडिओ मिस्त्रीचा गडचिरोलीचा वाचक

त्या प्रकरणाचे कागद केव्हाच बंद झाले, पण माझ्या डोक्यातला गोंधळ अजून पुरता मिटलेला नाही. आठवण आली की मी मनाने आजही ठाण्यातल्या त्याच टेबलाशी जाऊन बसतो.

तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. गावात एकच सायबर कॅफे होता आणि इंटरनेट म्हणजे काय, हे सांगणारेही दोन-चारच. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. शाळेतल्या गुरुजींनी वह्या-पुस्तकं पुरवली म्हणून खात्यात अधिकारी झालो, हे मी कधी विसरलो नाही. संगणक मात्र खात्याच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात पाहिला होता. त्यातला एक दिवस वीजच नव्हती.

एके सकाळी हजेरी आटोपली आणि कुरियरच्या दुकानाचा मालक ठाण्यात आला. दार लोटून घेत म्हणाला, "साहेब, रेडिओ मिस्त्रीच्या नावानं लय पार्सल येऊन राह्यले. हैदराबादहून, कलकत्त्याहून. एक फुटलं होतं, आत काचेच्या नळ्या! मले काई हे बरोबर वाटून नाई राह्यलं."

मिस्त्री म्हणजे बाजारचौकातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा पन्नाशीचा माणूस. तीन पिढ्यांचं दुकान, सरळ मुसलमान कुटुंब. पण आमच्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात तार, बॅटरी, सेट हे शब्द कानावर पडले की पोलिसाला स्वस्थ बसता येत नाही. मी एक हवालदार लावला. त्याने सांगितलं, मिस्त्री धानोऱ्याच्या आणि एटापल्लीच्या आठवडी बाजारात जाऊन बंद पडलेले रेडिओ विकत घेतो. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात वीज केंद्राच्या क्वार्टर्समधूनही पोतं भरून जुने सेट आणतो. रोज दुपारी तासभर सायबर कॅफेत बसतो आणि एका वहीत आकडे लिहितो.

मी तसा अहवाल वर पाठवला. उत्तर आलं, 'सदर इसम इंटरनेटवर लिखाण करतो. आम्ही लक्ष ठेवत आहोत.' लक्ष ठेवणं म्हणजे काहीतरी मोठं यंत्र असेल, असं मला वाटलं. विचारायची लाज वाटली.

तीन आठवड्यांनी एका सकाळी फॅक्स आला. मिस्त्रीने इंटरनेटवर लिहिलेला मजकूर त्यात होता: 'गडचिरोलीच्या दोस्ता, तू रोज येतोस, सगळं वाचतोस, बोलत मात्र नाहीस. बुधवारचा भाग खास तुझ्यासाठी. सेट उघडून आतली जोडणी दाखवीन.' खाली आदेश होता. मिस्त्रीला चौकशीसाठी बोलवा, जबाब नोंदवा, दुपारी चार वाजता पथक येऊन त्याला घेऊन जाईल. त्याचं नाव संशयितांच्या यादीत घेण्याचं प्रस्तावित आहे.

त्या यादीत नाव गेलं की काय होतं, ते मी पाहिलं होतं. जंगलात कुठेही काही घडलं की पहिलं बोलावणं त्या माणसाला. सहा महिन्यांत त्याच्या दुकानात कोणी टॉर्चसुद्धा दुरुस्तीला देत नाही.

अकरा वाजता मिस्त्री आला. स्वच्छ शर्ट घालून, जणू सत्काराला बोलावलं होतं. त्याची वही मी पंचांसमक्ष ताब्यात घेतली. पानापानावर तारीख, वेळ आणि 'गाणी ४१, रेडिओ ९, थेट १ गड' असं लिहिलेलं.

"हे एक्केचाळीस कोण?" मी विचारलं.

"मले काय मालूम साहेब. आले अन् गेले."

"आले कुठे?"

"माह्या ब्लॉगवर. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा ब्लॉग हाय ना साहेब, लिहीत असतो मी. काचेच्या नळ्या म्हणजे तेच व्हॉल्व्ह."

"नावं सांगा त्यांची."

"साहेब, तुमच्या ठाण्यासमोरून रोज हजार लोक जातात, तुम्ही सांगता का नावं?"

हवालदार खाकरला. मी कडक चेहरा केला, पण मला काहीच समजत नव्हतं. शेवटी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, "मिस्त्री, मी पाचवीतला पोरगा आहे असं समजून सांगा."

त्याने मग खरंच शिकवलं. त्या काळी ओळखी-मैत्रीची एक साइट जोरात होती. तिथे एकाच आवडीची माणसं गट करून गप्पा मारत. मिस्त्री त्या गटांत जाई.

"नुसता आपल्या ब्लॉगचा पत्ता टाकला तं हाकलून देतात साहेब. आधी कोणाचा रेडिओ काऊन बंद पडला ते सांगा लागते, मंग खाली पत्ता. फिल्मी गाण्याच्या गटात टाकलं तं चाळीस येतात, पण बसत नाईत. पाव्हणे चहा न पिता उठतात ना, तसे. जुन्या रेडिओवाल्यांचा गट लहान हाय. नऊच येतात, पण पुरं वाचतात. कोण कुठून आलं ते ब्लॉगवरचं मोजणीचं यंत्र सांगते, मी वहीत उतरवतो. जिथून वाचणारे येतात तिथी जास्त मेहनत."

"आणि हा 'थेट गड'?"

त्याचा चेहराच उजळला. "तो कदरदान हाय साहेब! कोण्या गटातून नाई येत. पत्ता टाकून सरळ येते. गडचिरोलीचा हाय, रोज येते, पहिल्या पानापासून सगळं वाचलं त्यानं. गावात मले पागल म्हणतात, बायको म्हणते भंगारात संसार घातला. अन् हा एकटा माणूस..."

"त्याला पत्ता कोणी दिला?"

"तेच नाई समजत. मी तं नाई दिला."

मीही त्याच प्रश्नावर अडकलो. गटात नसलेल्या माणसाला पत्ता मिळाला कसा? मी 'गड'च्या नोंदी वेगळ्या उतरवल्या. रोज पावणेअकराला, पुन्हा तीनच्या सुमारास. रविवारी कधीच नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी नाही. इतकी वर्षं सरकारी नोकरी केल्यावर या वेळा मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी उठून जावक नोंदवही काढली. माझा अहवाल ज्या तारखेला वर गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी हा वाचक पहिल्यांदा आला होता. मिस्त्रीच्या ब्लॉगचा पत्ता माझ्या अहवालात, माझ्याच अक्षरात होता. हवालदाराने तो सायबर कॅफेवाल्याकडून लिहून आणला होता.

मी गडचिरोलीला वरच्या कार्यालयातल्या लिपिकाला फोन लावला.

"त्या मिस्त्रीचं पान कोण उघडतं?"

"मीच उघडतो सर. रोज वाचायचं, काही संशयास्पद दिसलं तर प्रिंट काढून द्यायची, असा आदेश आहे."

"गडचिरोलीच्या दोस्ताला निरोप होता, तो?"

"तो फारच संशयास्पद वाटला सर."

"अहो, तो तुम्हालाच होता!"

लिपिकाने हळूच विचारलं, "म्हणजे त्याला मी दिसतो?"

दीड वाजला होता. मी स्वतः अहवाल लिहायला बसलो. वहीतल्या वेळा, जावक क्रमांक, लिपिकाचं म्हणणं. माझ्या अर्धवट माहितीवरून हा गैरसमज झाला, हेही लिहिलं. फॅक्स पोचताच वरिष्ठ फोनवर चिडले. "म्हणजे आपण आपल्यालाच पकडत होतो, असं म्हणायचंय तुम्हाला?" मी म्हटलं, "होय सर." साडेतीनला पथक रद्द झालं. नाव यादीत गेलं नाही, ब्लॉगवरची पाळतही उठली, तसं लेखी आलं. स्टेशन डायरीत नोंद करून मी मिस्त्रीला त्याच्या दुकानापर्यंत चालत सोडलं. बाजाराने पाहावं, म्हणून मुद्दाम गणवेशात.

वाटेत त्याने विचारलं, "साहेब, मंग तो गडवाला कोण निघाला?"

खोटं बोलवेना. मी सांगितलं. तो थांबला, चष्मा काढून शर्टाला पुसला. "म्हणजे नोकरी म्हणून वाचत होता." मग थोडं पुढे गेल्यावर, "एकही पान सोडलं नव्हतं त्यानं."

महिन्याभराने मी दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, दुरुस्तीला टीव्ही उघडलेले होते. ब्लॉगचं विचारलं.

"बंद केला साहेब. कोणी आलं की आता वाटते, हा कायले आला असंल?"

या प्रकरणाने मला नोंदी नीट वाचायला शिकवलं, आणि माहिती वर पाठवण्याआधी पूर्ण समजून घ्यायला. प्रशिक्षणाला बोलावतात तेव्हा नव्या अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगतो. उरलेलं त्यांना कसं सांगावं, ते मला कळत नाही. मिस्त्रीचं नाव मी यादीबाहेर ठेवू शकलो, दुकान वाचलं, त्याने मला दुवाही दिल्या. पण त्याच्या आयुष्यात एक जण रोज सकाळी येऊन त्याचं सगळं वाचत होता. तो माणूस मीच पाठवला होता आणि मीच परत बोलावला.