हेर्मीनचे हात

माझा जन्म आख्टरहूकचा, म्हणजे आमच्याच बोलीत मागल्या कोपऱ्यातला. फुटबॉलही खेळले तो मागल्या कोपऱ्यातच, डाव्या अंगाला. पुढं जाऊन गोल मारावा अशी बुद्धी मला उभ्या आयुष्यात एकदा झाली. तो चेंडू कुंपणापलीकडं शेणाच्या टाकीत पडला. मग साऱ्या गावानं ठरवून टाकलं, की बोसिंकांच्या हेर्मीननं मागं राहावं, त्यातच तिचं आणि चेंडूचं भलं आहे.

फुटबॉल मला कुणी शिकवला नाही. बानं शिकवलं ते कालवडी वळायला. माझा बा बेरेंड फार बोलणारा गडी नव्हे, आणि बोलायचा त्यातलं निम्मं गाईंशी. पण एकदा कुरणात कालवड माझ्या बगलेतून पळाली, तेव्हा त्यानं मला धडा दिला. "जनावराच्या मागं पळायचं न्हाई," तो म्हणाला. "ते जिथं जाणार, तिथं आधी जाऊन हुभं ऱ्हायचं. त्वांड बघू नगंस, त्वांड खोटं बोलतंय. पुठ्ठा बघ. आन् हात आसं पसर, की तिला वाटावं फाटक लागलंय."

या एका धड्यावर माझी सारी कारकीर्द झाली. गावात पोरींचा संघ नव्हता, म्हणून पोरांत खेळले. मला पळता येत नव्हतं, डोक्यानं चेंडू मारायला गेले की तो नाकावर बसायचा. पण समोरून येणारा डावीकडं बघत उजवीकडं निघाला, की मी त्याच्या आधी उजवीकडं उभी. सुरुवातीला पोरं म्हणायची, ही काय कोंबड्या खुराड्यात घालतीया काय. नंतर माझ्या बाजूनं कुणी यायचंच बंद झालं. पुढं शहरातल्या क्लबानं नेलं, तेव्हा एका बातमीदारानं लिहिलं, 'बोसिंक यांनी विशेष काही केले नाही; मात्र त्यांच्या बाजूने काही घडलेही नाही.' आईनं ते कात्रण संडासात लावलं, आमच्याकडं घरोघर तिथंच टांगतात त्या वाढदिवसांच्या कॅलेंडराशेजारी. पाहुणे बाहेर आले की अभिनंदन करायचे.

मला एकच हाव होती. देशाचा नारंगी शर्ट एकदा अंगावर पडावा. त्या काळी बायकांच्या संघाला पुरुषांचे उरलेले शर्ट मिळायचे म्हणत, गुडघ्यापर्यंत लोंबणारे. तसला का असेना, मला तो पाहिजे होता.

आणि निवड करणाऱ्या कारोलाबाईंनी मला खरंच चाचणीला बोलावलं. समोर कोण होती म्हणाल तर हरणासारखी एक पोर. तिनं तोंडानं मला तीनदा फसवलं, पुठ्ठ्यानं एकदाही नाही. मी बरोबर तिच्या आधी जाऊन उभी राहिले. आणि कालवड समोर आली की जे करायचं, ते केलं. हात पसरले. चेंडू तळव्यावर आदळला. पेनल्टी. उत्तरार्धात पुन्हा तसंच, या खेपेला दुसरा तळवा.

कारोलाबाई शहराच्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पाय तुझे नारंगी आहेत, हेर्मीन. हात अजून गोठ्यात आहेत. उन्हाळ्यापर्यंत ते पाठीमागे ठेवायला शिकलीस, तर बोलावते. नाही शिकलीस, तर गाईंना नमस्कार सांग."

घरी येऊन मी बांधाबांधीची सुतळी घेतली आणि मनगटं पाठीमागं बांधून सराव सुरू केला. आमच्याकडं एकाची गोष्ट ही एकाची राहत नाही. पाववाल्याच्या रांगेत कुणीतरी मागून म्हणायचं, "हात, हेर्मीन," की माझे हात पाठीला. क्लबात तळलेलं गरम क्रोकेट बशीत ठेवून गडी मला डिवचायचे, खाऊन दाखव म्हणायचे. चर्चमध्ये सवयीनं हात मागं बांधून बसले, तर पाद्रीबुवांना वाटलं माझी श्रद्धा उडाली. ते आईला भेटायला आले. आई म्हणाली, "लगीन झालं तर अंगठी कुठं घालायची ह्या पोरीला, पाठीवर?"

पण जमलं. हात असे मुरले, की झोपेतही पाठीखाली असायचे. मग कारोलाबाईंचा फोन आला. सोमवारी शिबिर, शनिवारी डेन्मार्कशी सामना, मी पहिल्या अकरांत. बानं माझ्या बुटांना गाईच्या सडांचं मलम चोळून ठेवलं. याहून मोठं प्रेम त्याच्याजवळ नव्हतं.

रविवारी बॅग दाराशी तयार होती आणि आम्ही कॉफी पीत बसलो होतो. एवढ्यात पलीकडचे डेर्ककाका लाकडी बूट वाजवत मागल्या दारानं आले. माझ्याकडं बघायचं टाळून ते बाला म्हणाले, "बेरेंड, कालवडी सुटल्यात. रस्त्याकडं निघाल्यात."

आमच्याकडं शेजारधर्म देवधर्माच्या वर. शेजाऱ्याकडं बाळंतपण असो, मयत असो, की गुरं सुटलेली असोत, हातातला कप ठेवायचा आणि उठायचं. बा मला म्हणाला, तू बस. मी बसले असते तर कुणी काही बोललंही नसतं. पण डेन्मार्कला अडवायला निघालेली पोरगी डेर्कच्या कालवडी अडवायला उठली नाही, हे पुढच्या तीन पिढ्यांनी कुणी काही न बोलता लक्षात ठेवलं असतं. मी उठले.

पुढं एक तांबडी-पांढरी थोराड कालवड होती. गल्लीतून ती सुसाट आली, तोंड झुडपांच्या कुंपणाकडं. मी पुठ्ठा पाहिला. ती खंदकाच्या बाजूनं निघणार होती. मी आधी जाऊन उभी राहिले. जागा इतकी अचूक, की माझ्या साऱ्या कारकिर्दीत मी एवढी चांगली उभी राहिले नव्हते. आणि कालवड समोर येताच माझे दोन्ही हात शहाण्यासारखे पाठीमागं गेले.

तिला फाटक दिसलंच नाही. खुंट दिसला. खुंटाला काय कोण भितं? ती मला तुडवून गेली.

मी खंदकात उताणी, गळ्याखालचं हाड मोडलेलं, तोंडात चिखल. वर डेर्ककाकांचं तोंड उलटं दिसत होतं, चुन्यासारखं पांढरं.

"पोरी," ते म्हणाले, "हात का न्हाई पसरलंस?"

"पेनल्टी झाली असती, काका," मी म्हणाले.

हाड सांधेपर्यंत आमच्या गाईंची धार शेजाऱ्यांनी काढली. बाळंतिणीला नेतात तसला लांबलचक मनुक्यांचा पावही त्यांनी मला आणून दिला. माझ्या जागी उत्तरेकडची एक पोर खेळली, आणि इतकी चांगली, की मला तिचा धड रागही करता येईना. मला पुन्हा बोलावणं आलं नाही. डेर्ककाका ती कालवड विकायला निघाले होते. बानं अडवलं, म्हणाला, दुधाला चांगली निघंल, तिचा काय दोष. चांगली निघालीही. पुढं कितीतरी वर्षं ती मला गल्लीत भेटायची आणि वाट सोडायची नाही.

मी गावच्या बायकांच्या संघात गुडघे जाईस्तोवर खेळले. हात पाठीमागं. डेर्ककाका प्रत्येक सामन्याला यायचे, पण त्या रविवाराबद्दल एक अक्षर कधी बोलले नाहीत. ख्याली-खुशालीही पावसापाण्यापुरती.

परवा मला पन्नास वर्षं झाली. पन्नाशीच्या बाईच्या अंगणात शेजारी माणसाएवढी पेंढ्याची बाहुली आणून ठेवतात, तिला सारा म्हणतात; तशी माझ्याही दारात सकाळी उभी होती. चांगली ढेरपोटी, हुबेहूब मी. अंगात नारंगी शर्ट, पाठीवर माझा नंबर. तिचा एक हात लांब पसरलेला आणि दुसरा पाठीमागं सुतळीनं बांधलेला. नंतर कळलं, की हात कसे ठेवायचे यावरून शेजाऱ्यांत कडाक्याचं भांडण झालं. शेवटी डेर्ककाकांनी निकाल दिला, की अर्धी गाईंची अन् अर्धी कारोलाबाईची करा, खरी तशीच हाय ती.

सगळे जमले. कॉफी झाली, केक झाला, बायकांनी अंड्याची घट्ट दारू चमच्यानं खाल्ली. मग डेर्ककाका काठी टेकत उठले. साराच्या अंगातला शर्ट त्यांनी हळूहळू काढला आणि माझ्यासमोर धरला.

"घाल," ते म्हणाले. "जरा उशीर झाला."

मी कामाच्या कपड्यांवरच घातला. पोटावर घट्ट, आत पेंढा टोचणारा.

तेवढ्यात धारेची वेळ झाली. गाईंना वाढदिवस कळत नाही. फाटक उघडलं, तशी एक उनाड कालवड कळप सोडून रस्त्याकडं वळली. तोंड एकीकडं, पुठ्ठा दुसरीकडं. मी आधी जाऊन उभी राहिले. आणि इतक्या वर्षांनी माझे दोन्ही हात आपण होऊन पसरले, पार खांद्यापासून.

कालवड जागच्या जागी थांबली. शर्टाची काखेतली शिवण मात्र टर्रकन उसवली.

माझ्यामागं डेर्ककाका फाटकाला टेकून उभे होते.

"पेनल्टी," ते म्हणाले.