अस्तरावरच्या तारखा

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा जगात कुणावर म्हणून विश्वास नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी औषधाच्या दुकानात पुन्हा विचारून घेतील. मी चहात साखर घातली म्हटलं, तरी आधी चमच्याने चाखून बघतील. वीस वर्षं त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसून पिशव्या शिवतेय मी, आणि अजून माझी शिवण ओढून बघतात! राग येतो. येणारच ना!

पिशव्या जाड कापडाच्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचं एक कासव. दुकानाला पाटी नाही, पण ‘कासवाची पिशवी’ म्हटलं की अख्खा बाजार आमच्याकडे बोट दाखवतो. शिवाय बंद तुटला तर दुरुस्ती फुकट. मग लोक काय, दहा वर्षं वापरलेली पिशवी आणून “मागच्याच महिन्यात घेतली हो” म्हणायचे. म्हणून जाऊबाईंनी एक खोड लावून घेतली. पिशवी विकताना आणि दर दुरुस्तीला आतल्या अस्तरावर, न पुसणाऱ्या शाईने, तारीख आणि सही. मी हसायचे. म्हणायचे, “ताई, पिशवी आहे ती, जन्माचा दाखला नव्हे.”

आणि एवढ्या संशयी बाईने विश्वास टाकला कुणावर? तर घाऊक व्यापाऱ्यावर. आमच्या पिशव्या तो नऊ वर्षं बाहेरगावी विकत होता. आमच्याच पाटावर बसून जेवायचा, जाऊबाई त्याला भाऊ म्हणायच्या. एके दिवशी त्याच्या वकिलाची नोटीस आली. कासव हे चिन्ह त्याचं आहे, नोंदणीसाठी त्याचा अर्ज गेलाय, तेव्हा आम्ही ते वापरणं ताबडतोब थांबवावं. चोराच्या उलट्या बोंबा! मी तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जाऊबाईंनी नोटीस दोनदा वाचली आणि कासव शिवायला घेतलं.

गल्लीच्या टोकाला वकीलबाई बसतात. त्या म्हणाल्या, “अर्ज नुकताच प्रसिद्ध झालाय, हरकत घ्यायला मुदत आहे. पण तुम्ही त्याच्या आधीपासून हे चिन्ह वापरताय, याचा पुरावा लागेल. जुनी बिलं?”

बिलं कसली! आम्ही जन्मात बिल फाडलं नव्हतं. मी डोक्याला हात लावला. जाऊबाई मात्र खुर्चीवरून उठल्याच.

“पुरावा गावभर फिरतोय,” म्हणाल्या, “लोकांच्या खांद्यावर.”

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर पुठ्ठा टांगला: जुनी कासवाची पिशवी दाखवा, नवा बंद फुकट. आठ दिवसांत एकेचाळीस पिशव्या आल्या. भाजीच्या, पुस्तकांच्या, एकीत तर मांजर. प्रत्येकीचं अस्तर उलटून फोटो काढला, मालकाचं प्रतिज्ञापत्र घेतलं, आणि वकीलबाईंनी हरकत दाखल केली. सगळ्यात जुनी एका निवृत्त बाईंची निघाली. पहिली तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची, खाली दुरुस्तीच्या पाच.

बातमी लागताच व्यापारी धावत आला. “वहिनी, कशाला ही कचेरी? कासव माझ्या नावावर राहू दे, शिवा तुम्हीच. मरेपर्यंत काम पुरवतो.”

“माझ्याच कासवाची मी मजुरी करू?” जाऊबाईंनी मशीनही थांबवलं नाही. “भाऊ, आज चहा नाही. निघा.”

सुनावणीला नोंदणी कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी पिशव्या आतून-बाहेरून निरखल्या. व्यापाऱ्याचा दावा नऊ वर्षांचा, आमचं अस्तर सव्वीस वर्षांचं. साहेबांनी चष्मा काढला.

“बाई, तुम्ही एवढ्या सावध, दर टाक्याला तारीख घालता. मग चिन्हाची नोंदणी आधीच का नाही केलीत?”

“करणार होते, साहेब. नऊ वर्षांपूर्वी फॉर्मही आणला होता.” त्यांनी व्यापाऱ्याकडे बोट दाखवलं. “हे म्हणाले, वहिनी, द्या इकडे, मी भरतो.”

मलाही हे तेव्हाच कळलं. नोटीस आल्यापासून ही बाई हे आतल्या आत गिळून बसली होती, आणि मला वाटायचं, हिला नोंदणीचं कधी सुचलंच नाही.

त्याचा अर्ज फेटाळला गेला. आमचा अर्ज जाऊबाईंनी स्वतःच्या हाताने भरला, आणि काही महिन्यांनी कासवाचं प्रमाणपत्र आलं. मी पेढ्यांच्या गोष्टी करतेय, तर प्रमाणपत्र घेऊन दुकानात आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, “दहा वर्षांनी नूतनीकरण करावं लागेल हं.”

“ताई, दहा वर्षांनी तुम्ही ऐंशीच्या व्हाल,” मी म्हटलं.

“मग? येईन की.” आणि न पुसणाऱ्या शाईने त्यांनी माझ्या मशीनवरच्या भिंतीवर दहा वर्षांनंतरची तारीख लिहिली. खाली सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

“तूही कर,” म्हणाल्या. “मला यायला नाही जमलं, तर तू जायचंस.”