इनासच्या भिंतीची कवंदी

सांतान कवंदी घेऊन माझ्या अंगणवाडीच्या पायरीवर बसली की मुलं खेळ टाकून तिच्याभोवती गोळा व्हायची. त्या गोधडीत त्यांच्या आज्या होत्या ना.

"ही माझी आजी!"

"हट्, तुझ्या आजीची मान सरळ आहे. ही वाकड्या मानेची माझी."

हळियाळच्या बाजारात सुपारीचं जुनं गोदाम होतं. त्याच्या मागच्या भिंतीवर सांतानच्या मुलानं, इनासनं, कोळशानं आणि विटेच्या तुकड्यानं आमच्या वाडीतल्या सिद्दी बायका काढल्या होत्या. डोक्यावर मोळ्या, एकीमागे एक, रानातून परतणाऱ्या. तोंडं नीट दिसत नव्हती, पण चालीवरून प्रत्येक बाई ओळखू यायची. सगळ्यांच्या शेवटी सांतान, आणि तिच्या पदराचं टोक मुठीत धरून पळणारा लहानगा इनास.

बाजारात मोकळी भिंत दिसली की तो चित्र काढायचा आणि शिव्या खायचा. पुढे गोव्याला ट्रॉलरवर कामाला गेला, तो गेलाच. दोन पावसाळे उलटले, निरोप नाही. कुणी म्हणे दर्यानं नेला, कुणी म्हणे मडगावच्या भिंती काळ्या करत हिंडतोय. घरात त्याचा एक फोटो नव्हता. भिंतीवरचा तो पोरगा, तेवढाच.

आणि आता मालक गोदाम पाडून तिथे दुकानं काढणार होता.

"भिंत काही घरी आणता येत नाही, बाई," सांतान मला म्हणाली. "कवंदीत आणते."

ज्या बाईचं चित्र, तिच्याच जुन्या लुगड्याचं ठिगळ, असं तिनं ठरवलं. घरोघर जाऊन मागून आणलं. जानू आणि आणखी एक, अशा दोघी तोवर वारल्या होत्या. त्यांच्या लेकींनी ट्रंकेतली लुगडी काढून दिली. शेजारची लोरीनमावशी आपलं लाल लुगडं देताना म्हणाली, "मला जरा बारीक शिव हो. निदान तिथं तरी."

"बारीक केली तर तुला ओळखणार कोण?" सांतान म्हणाली आणि तिला होती तशी ऐसपैस शिवली.

मी म्हटलं होतं, आधी मधोमध पोरगा शिवून घे, मग बायका. ती हसली. "घर कुणी चुलीपासून बांधतं का, बाई? कवंदी कडेनंच धरायची. पोट शेवटी."

ती रोज बाजारात जाऊन भिंत बघून यायची आणि शिवायला बसायची. भिंतीवरची सरळ रांग कवंदीत कडेनं गोल गोल आत वळत गेली.

एक दिवस ती नुसतीच बसलेली दिसली. मांडीवर इनासचा शाळेतला निळा सदरा. स्वतःला शिवून झालं होतं, आणि मध्ये तळहाताएवढी जागा उरली होती. त्यात पोरगा मावत नव्हता.

"सगळ्यांना जागा दिली," ती म्हणाली, "आणि ह्यालाच नाही."

"एखादी उसव की," मी म्हटलं.

"कुणाला उसवू? जानूला? ती मातीत गेली, बाई. तिला आणखी एकदा घालवू?"

"मला उसव," शेजारी बसलेली लोरीन म्हणाली. "माझ्या जागेत दोन पोरं बसतील."

"गप गं मावशी."

घरी देवापुढे दिवा लावताना मी इनासचं नाव घेत असे. पण मागायचं काय तेच कळत नसे. तो परत येऊ दे म्हणू, की हिला खरं काय ते कळू दे म्हणू? त्या संध्याकाळी मी नुसते हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सांतान बाजारातून लवकर परतली. गोदामाची कौलं उतरली होती आणि भिंतीला पहार लागली होती. ती पायरीवर बसली, ब्लेड घेतलं आणि स्वतःचेच टाके कापायला लागली.

लोरीननं तिचा हात धरला. "अगं, आईलाच काढतेस? मग पोरगं कुणाच्या मागे पळतंय?"

"मी बाहेर आहे ना, मावशी. वाट बघतेय त्याची. आत कशी असेन?"

लोरीननं हात सोडला. सांताननं आपलं हिरवं ठिगळ काढलं, फक्त पदराचं टोक राहू दिलं. निळ्या सदऱ्याचा इनास तिथे बसला, मुठीत ते टोक धरून. टोकाच्या पुढे कुणी नव्हतं. मला ते बघवेना. मी मुलांना आत घेऊन गाणं म्हणायला लावलं, पण माझं लक्ष पायरीकडेच.

कवंदीचं पोट रिकामं मिटवत नाहीत, चार दाणे तांदूळ घालतात. शेवटचे टाके राहिले तशी लोरीन घरातून मूठभर तांदूळ घेऊन आली. सांताननं चार दाणे आत सोडले. थांबली. मग लोरीनच्या मुठीखाली ओंजळ धरून सगळेच घेतले.

"अगं, एवढे कशाला? टोचतील की अंगाला!"

"टोचू देत," सांतान निळ्या सदऱ्याखाली तांदूळ सारत म्हणाली. "ह्याला भूक फार."