वरच्या मजल्यावर साखरपुडा, खाली फ्रेंच

माझ्या लेकीची सासू फ्रान्समधल्या एका खेड्यात राहते आणि तिला फ्रेंचशिवाय दुसरी भाषा येत नाही. मला मराठी येतं, हिंदी येतं आणि चौथीच्या वर्गाला शिकवण्यापुरतं इंग्रजी येतं. तीस वर्षं इस्लामपूरजवळच्या गावांतून मास्तरीण म्हणून काढली, त्यात फ्रेंचची गरज कधी पडली नाही. लेकीने लग्न केलं आणि पडली.

लेक आणि जावई तिकडे शहरात राहतात. दोघी विहिणींची ओळख व्हावी म्हणून लेकीनेच दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावायचा नियम घालून दिला. पहिल्या रविवारी आम्ही दहा मिनिटं एकमेकींकडे बघून हसलो. दुसऱ्या रविवारी काय करावं सुचेना, म्हणून मी परड्यातला दोडका उचलून दाखवला. विहीणबाईंना इतका आनंद झाला, की त्या पळत जाऊन स्वतःची कोबी घेऊन आल्या. तिथून पुढे आमचं ठरूनच गेलं. मी गवार दाखवायची, त्यांनी कमळाच्या कळीसारखी काटेरी भाजी दाखवायची. त्या काहीतरी बोलायच्या, मी मान डोलवायची. वीस मिनिटं कशी जायची कळत नसे.

एका रविवारी माझ्याकडे आठ किलोचा लाल भोपळा होता. मी तो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला आणि मोठ्याने हसले. विहीणबाई मात्र नुसत्याच बोलत होत्या आणि मधून मधून डोळे पुसत होत्या. मला वाटलं, कांदा चिरून आल्या असतील.

बुधवारी लेकीचा फोन आला.

"आई, तू त्यांना भोपळा दाखवलास?"

"हो. आठ किलोचा होता."

"अगं, त्यांची बहीण गेली. त्या तुला तेच सांगत होत्या."

एक बाई आपल्या मेलेल्या बहिणीबद्दल सांगतेय आणि समोरची बाई भोपळा नाचवत हसतेय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. लेक म्हणाली, त्यांना राग आलेला नाही, त्यांना वाटतं तुमच्याकडे तशी पद्धत असेल. त्याने मला जास्तच मेल्यासारखं झालं. त्यात लेकीला सातवा महिना लागत होता, बाळंतपणाला मी तीन महिने तिकडे जाणार होते आणि विहीणबाईही तेव्हा तिथेच येऊन राहणार होत्या. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी.

साताऱ्याला पाच दिवसांचा फ्रेंचचा वर्ग भरतो, अशी माहिती लेकीनेच काढून पाठवली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त फ्रेंच बोलायचं, मराठीचा एक शब्द नाही. फी माझ्या पेन्शनच्या मानाने चांगलीच होती. मी ती आमच्या ह्यांना सांगितली.

आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आता ऊस बघतात. नोकरीत असताना शांतिसेनेतून काँगोला जाऊन आले होते.

"पैसं कशापायी घालवायचं?" ते म्हणाले. "फ्रेंच मला येतंय की. अकरा म्हयने हुतो तिथं. मी शिकिवतो."

"तुम्हाला फ्रेंच येतं हे मला चाळीस वर्षांत कसं कळलं नाही?"

"तू कवा इचारलंस?"

दुसऱ्या दिवसापासून अंगणात वर्ग सुरू झाला. ह्यांना एकूण चार वाक्यं येत होती आणि चारही ते छाती काढून म्हणत. तीन दिवसांत माझी चारही पाठ झाली. अर्थ विचारला तर म्हणाले, "आदी उच्चार बसू दे." मीही शिक्षिका, मला ते पटलं.

रविवारी कॉल लागला. विहीणबाई नेहमीप्रमाणे फोनला नाक टेकवून बसल्या होत्या. मी पदर सारखा केला आणि स्वच्छ म्हटलं, "रक्यूले!"

विहीणबाई दचकल्या. मग उठल्या आणि एकेक पाऊल मागे जात जात भिंतीला टेकल्या. तिथून त्या बोटाएवढ्या दिसत होत्या.

"बघ," हे मागून म्हणाले, "समजलं तिला."

"काय समजलं? मी काय म्हणाले?"

"मागं व्हा."

बाकीची तीन वाक्यं होती थांबा, हात वर करा आणि हळू चालवा. नाक्यावर उभं राहून ह्यांना एवढंच लागत होतं. त्या दिवशीचा कॉल कसाबसा आटपला आणि मी साताऱ्याला फोन केला. पलीकडच्या मॅडम सांगलीच्या निघाल्या. त्या म्हणाल्या, आधी पैसे भरू नका. येत्या शनिवारी एक दिवस फुकट बसून बघा, मग ठरवा.

"मीबी येतो," हे म्हणाले. "रेकी केल्याबिगार पैसं द्यायचं न्हाईत."

वर्ग एका मंगल कार्यालयात होता. लग्नसराई नसली की खालचा हॉल स्वस्तात मिळतो म्हणून मॅडमनी तो घेतला होता. स्टेज तसंच होतं, मखमलीचा पडदा तसाच, नवरानवरीच्या दोन सोनेरी खुर्च्याही तशाच. आम्ही धरून सात जण होतो. मॅडमनी दारातच नियम सांगितला. उंबऱ्याच्या आत मराठी बोलेल त्याने स्टेजवरच्या खुर्चीत पंधरा मिनिटं बसायचं, तेही गप्प. हा नियम सांगताना त्या शेवटचं मराठी बोलल्या.

मग त्या एकेकापाशी जाऊन विचारू लागल्या, "सा वा?" म्हणजे बरं चाललंय ना, असा त्याचा अर्थ, पण तो आम्हाला नंतर कळला. ह्यांच्यापाशी आल्या.

"सा वा?"

ह्यांनी खुर्च्या मोजल्या. "न्हाई," ते म्हणाले, "मी सातवा."

मॅडमनी स्टेजकडे बोट केलं. हे शिस्तीचे, मुकाट्याने जाऊन नवऱ्याच्या खुर्चीत ताठ बसले. गुडघ्यांवर हात, मिशा वर. मला हसू आवरेना आणि तोंडातून गेलं, "अगं बाई!" मॅडमनी पुन्हा बोट केलं. मी जाऊन दुसऱ्या खुर्चीत बसले.

आम्ही असे शेजारीशेजारी बसलेलो असताना दार उघडलं आणि पंधरा-वीस माणसं आत आली. फेटे, नऊवारी, हातात मिठाईचे पुडे. सगळ्यांच्या पुढे एक वयस्कर गृहस्थ होते.

"आमी म्हसवडवरनं आलो," ते म्हणाले. "लांबचं पावनं, नवरानवरीला बघितलंबी न्हाई अजून. लय उशीर झाला. टायर बसला वाटंत."

आता तिथे प्रत्येकाला मराठी येत होतं आणि बोलायची सोय कुणालाच नव्हती. एक दातांचे डॉक्टर कॅनडाला जायचं म्हणून वर्गाला आले होते. ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "बाँजूर."

म्हसवडकरांनी आपसांत बघितलं. "मुलीकडची मानसं शिकल्याली हायेत, म्हनलं हुतं मी," मागून एक बाई कुजबुजली. डॉक्टरांनी नुकतेच शिकलेले सगळे शब्द वापरून त्यांना काहीतरी समजवायचा प्रयत्न केला. त्यात "टेबल" आणि "खिडकी" हे दोन शब्द होते, एवढं मला त्यानंतरच्या शिकण्यावरून आज सांगता येतं. ते गृहस्थ आदराने ऐकून घेत होते. मग त्यांची नजर स्टेजवर गेली.

"ह्यो नवरा?"

कुणी बोलेना.

"आवं, ह्यो तर माझ्या वयाचा हाय!"

"आप्पा, हळू," ती बाई म्हणाली. "दुसरं असंल. बाईबी काय कमी वयाची न्हाई. जमलंय न्हवं, झालं तर."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आयुष्यात वरिष्ठांचा हुकूम कधी मोडला नव्हता आणि पंधरा मिनिटं व्हायला अजून सहा बाकी होती. ते समोर बघत राहिले. त्या बाई वर आल्या, मला कुंकू लावलं, नारळ आणि तांदूळ घेऊन माझी ओटी भरली. मी दोन्ही हातांनी पदर पसरला, कारण ओटी भरताना पदर आपोआपच पसरला जातो. आप्पांनी ह्यांच्या डोक्याला फेटा बांधायला घेतला. पहिला पीळ कपाळावर आला तेव्हा ह्यांचा धीर सुटला आणि ते नाक्यावरचं 'थांबा' ओरडले, "आरेते!"

आप्पांचे हात थांबले. "काय म्हनला?"

तेवढ्यात मॅडमचाच बांध फुटला. "अहो, साखरपुडा वरच्या मजल्यावर आहे! जिना बाहेरून आहे! हा फ्रेंचचा क्लास आहे!"

आप्पांनी फेटा उलगडून घेतला, पण नारळ परत घ्यायला ती बाई तयार होईना. "भरल्याली वटी माघारी घेत न्हाईत," ती मला म्हणाली. "र्‍हाऊ द्या. सुखी र्‍हावा." जाताना आप्पांनी हॉलभर नजर फिरवली आणि डॉक्टरांना विचारलं, "आन् ह्याचं पैसं द्यावं लागत्यात?"

ते गेल्यावर मॅडम स्वतःहून स्टेजवर येऊन उभ्या राहिल्या. मी उठून त्यांना खुर्ची दिली. त्या पंधरा मिनिटं ह्यांच्या शेजारी गप्प बसल्या आणि वर्ग डॉक्टरांनी चालवला.

जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमना बाहेर गाडीपाशी गाठलं. उंबऱ्याबाहेर मराठी चालत होतं. मी त्यांना भोपळ्याची हकीकत सांगितली आणि म्हटलं, मला एकच वाक्य द्या. तुमच्या बहिणीचं ऐकून फार वाईट वाटलं, एवढंच. त्यांनी ते देवनागरीत लिहून दिलं. त्यात बहिणीला शब्द होता "सर". मी दोनदा विचारून घेतलं. तीस वर्षं मी ज्यांना सर म्हणत आले, ते हेडमास्तर एकेक करून डोळ्यांपुढे आले.

परतीच्या एसटीत मी ते वाक्य घोकत होते आणि हे खिडकीशी विचार करत होते. कराडच्या पुढे मलकापूर आलं तेव्हा म्हणाले, "वाक्य मिळालं न्हवं? मग आता फी कशाला भरायची?" मलाही तेव्हा तेच खरं वाटलं.

रविवारी मी भाजी घेतलीच नाही. रिकाम्या हातांनी बसले, वाक्य म्हटलं. विहीणबाईंचा चेहरा असा काही मोकळा झाला की बस. आणि त्या बोलायला लागल्या. पाऊण तास बोलल्या. मला कळत असणार अशी आता त्यांची खात्रीच होती. मधेच उठून त्यांनी एक जुना फोटो आणला, दोन झगेवाल्या मुली सायकलवर. एका मुलीवर बोट ठेवून त्यांनी मला काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबल्या. प्रश्न होता एवढं कळलं. काय होता ते नाही. मी मान डोलवली आणि डोलवताना भीती वाटली, की मी आता कशाला हो म्हणतेय.

कॉल संपल्यावर ह्यांनीच विचारलं, "काय म्हनली?"

"माहीत नाही."

ते आत जाऊन चष्मा आणि पासबुक घेऊन आले. "भर," म्हणाले. "पन मी येनार न्हाई. त्या खुर्चीत मला बसवत न्हाई."

मी पाच दिवस साताऱ्याला मावसबहिणीकडे राहून वर्ग पुरा केला. खुर्चीत अकरा वेळा बसले. पाच दिवसांत भाषा येते असं कुणी सांगितलं तर खोटं समजा. भूतकाळ मला आलाच नाही, मी अजून सगळं आत्ताच घडल्यासारखं सांगते. पण कान जरा उघडले आणि एक गोष्ट मिळाली. फ्रेंचमध्ये हो म्हणायला दोन शब्द आहेत. एक साधं हो आणि दुसरं, समोरच्याने नाही म्हटल्यावर ठासून म्हणायचं हो. ते "सी".

हे उसाची तोड आली म्हणून मागे राहिले आणि मी एकटी गेले. नात झाली. आठव्या दिवशी मी खोबरेल तेल कोमट करून आणलं, तर विहीणबाई पाळण्यापुढे हात पसरून उभ्या. "नों," म्हणाल्या. तेल नाही.

"सी," मी म्हटलं.

"नों!"

"सी!"

मग त्यांनी डॉक्टर काढला, मी माझी आई काढली. त्यांनी बाळाच्या कातडीचं काही सांगितलं, मी स्वतःचा दंड उघडा करून दाखवला. त्यांनी वाटीतलं तेल हुंगलं, बोटाला लावलं, मनगटावर चोळून बघितलं. शेवटी पायांना लावायचं आणि डोक्याला नाही, असं ठरलं. अर्धा तास गेला असेल. मी किती चुका केल्या त्याची मोजदाद नाही, पण त्या माझ्यावर चिडल्या होत्या आणि का चिडल्या होत्या ते मला कळत होतं.

आवाज ऐकून लेक दारात आली. "आई, तुमचं भांडण चाललंय का?"

आम्ही दोघींनी एकदमच तिला जाऊन झोपायला सांगितलं, त्यांनी फ्रेंचमध्ये आणि मी मराठीत.