येळवशीची पंगत

शेतातल्या कडब्याच्या कोपीत आईनं आंबिलीच्या मडक्यावरचं फडकं काढलं आणि त्या आंबूस वासानं मी लातूरहून थेट थायलंडला पोचले.

तिथं सोडवून आणलेल्या हत्तींच्या आश्रयस्थानात मी काही महिने स्वयंसेवक होते. जन्मभर ओंडके ओढून थकलेली एक म्हातारी हत्तीण नुकतीच आली होती. माणूस दिसला की ती पाठ फिरवायची, कुणाच्या हातचं खायची नाही. त्यात आमची येळवस आली, शेतात जेवायचा सण. आईनं बॅगेत कोंबलेल्या ज्वारीच्या पिठाची मी आंबील केली आणि रानाभोवती शिंपडतात तशी हत्तिणीच्या कुंपणाभोवती शिंपडत निघाले, 'ओलगे, ओलगे' अशी सणाची आरोळी देत. माहूत पोट धरून हसत होते.

हत्तीण मात्र वळली. तिनं सोंड लांबवून माझं भांडं हुंगलं आणि सगळी आंबील ओढून घेतली.

मी तिला जेवू घातलं, असंच मला इतकी वर्षं वाटत होतं. आज आईला ते सांगितलं, तर सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी वाढता वाढता ती म्हणाली, "येळवशीला एकट्यानं जेवू न्हाई. लई गुणाची ती, तुला सोबत बसली."